धाकल्या जावयाचा डबा

सांगतो, सांगतो, पण आधी चहा येऊ द्या. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात की मी पुढचं विसरतो, आणि पुढचंच तर खरं लाजिरवाणं आहे.

तर भारत सरकारनं माझ्याबद्दल एक वाक्य लिहून ठेवलंय. इंग्रजीत, सहीसकट! आमच्या सात पिढ्यांत सरकारनं कुणाबद्दल सातबाऱ्याच्या पलीकडे एक अक्षर लिहिलं नव्हतं. माझ्याबद्दल लिहिलं, आणि ते असं लिहिलं की न लिहितं तर बरं झालं असतं.

याचं मूळ म्हणजे माझा साडू.

तुम्हाला साडू आहे? नाही? मग तुम्ही सुखी आहात, दुसरा चहा घ्या. भावाशी आपली तुलना लग्नापर्यंत होते. साडूशी लग्नापासून सुरू होते आणि मग संपतच नाही.

मी सतीश. राहतो वराळ्याला आणि तळेगाव स्टेशनजवळ एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात काम करतो. कंपन्यांचा माल परदेशातून येतो, तो कस्टममधून सोडवायचे कागद आम्ही करतो. सासुरवाडी इंदुरी. सासऱ्यांची तिथं भाताची गिरणी आहे. अख्खं गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणतो. आबांना दोन मुली. थोरली मनीषा, ती माझी बायको. धाकटी वर्षा, ती अमोलची.

हाच तो अमोल. नवलाख उंबऱ्याला डिझेल जनरेटरच्या कारखान्यात इंजिनिअर. राहायला लोणावळ्यात. आता लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला सासुरवाडीला जाताना डोकं चालवावं लागतं का हो? चिक्कीचा पुडा घ्यायचा, चॉकलेट फजचा डबा घ्यायचा, निघायचं. आबांच्या तोंडात दात नाहीत. फज जिभेवर ठेवला की विरघळतो, आणि त्याबरोबर आबाही विरघळतात. मी वराळ्याहून काय नेऊ? वराळ्याचं प्रसिद्ध काय आहे, तुम्हीच सांगा! मी केळी नेतो. केळी बघून आजवर कुणाचा ऊर भरून आलेला नाही.

बरं, माणूस वाईट असता तरी चाललं असतं. पण नाही! स्वभावानं गरीब, अंगानं नीटनेटका, डोक्यावर केस शाबूत. भेटला की "साडूभाऊ" म्हणून वाकतो. अशा माणसावर जळायला सुद्धा काही कारण मिळत नाही. मी तरीही जळायचो. मनापासून जळायचो.

आणि सगळ्यात जास्त कशावर, तर गिरणीतल्या जनरेटरवर.

त्याचं असं झालं. इंदुरीला गुरुवारची लाईट जायचीच, म्हणून आबांना जनरेटर हवा होता. पहिला मी आणून दिला होता. ओळखीतून, वापरलेला, पण "पाहुणे, ठणठणीत माल आहे" असं विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला होता. त्याला एकच खोड होती. गिरणीचा हलर, म्हणजे भात सडायचं यंत्र, सुरू केला की इंजिन धापा टाकायचं आणि दिवे मिणमिणायचे. हलर बंद केला की इंजिन उधळायचं आणि दिवे पेटून उठायचे. वर्षाच्या लग्नात मांडवाला तोच जनरेटर लावला होता. त्यानं ऐन जेवणाच्या वेळी वरपक्षाच्या डोक्यावर दोन बल्ब फोडले. नवरदेव कोण? अमोल! तो नुसता हसला आणि केसांतली काच झटकली. आणि लग्नानंतर सहा महिन्यांत त्यानं आपल्या कंपनीचा नवाकोरा जनरेटर आबांच्या गिरणीत आणून बसवला.

त्या जनरेटरच्या अंगाला एक काळा चपटा डबा आहे. त्यातून जाडजूड वायर निघते. इंजिनाचा वेग कमी होतोय की जास्त, हे तो डबा बघतो आणि त्याप्रमाणे डिझेल कमी-जास्त करतो. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर म्हणतात त्याला. हलर सुरू करा, बंद करा, दिव्याची ज्योत हलावी इतकंही काही हलत नाही.

आबांनी त्या डब्याचं काय केलं असेल? रोज सकाळी गिरणी उघडली की गणपतीच्या तसबिरीला एक फूल आणि डब्याला एक फूल! वर हळदीकुंकू! येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी डब्याचं दर्शन.

"ह्यो आमच्या धाकल्या जावयाचा डबा. कितीबी लोड टाका, इंजान हूं का चूं करत न्हाई. समदं आपोआप."

"आन् ते जुनं इंजान कुटं गेलं आबा?"

"त्ये मोठ्या जावयाचं व्हतं. भंगारात दिलं."

मी शेजारी केळी घेऊन उभा असायचो.

आता दैवाची थट्टा बघा. हे डबे परदेशातून येतात. मागवते अमोलची कंपनी. आणि त्यांचं कस्टमचं काम आमच्या ऑफिसात, माझ्या टेबलावर! म्हणजे ज्या डब्यानं माझी सासुरवाडीत माती केली, त्याच्याच भावंडांना विमानतळावरून सोडवून आणायचं काम माझं.

कस्टममध्ये जगातल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. सुईला वेगळा, सुईच्या दोऱ्याला वेगळा. क्रमांकावर शुल्क ठरतं. क्रमांक चुकला की माल अडकला. या डब्याला मी पहिल्यापासून नव्वद बत्तीस हा क्रमांक लावत आलो. नव्वद बत्तीस म्हणजे स्वतःहून नियंत्रण करणारं यंत्र. पण या खेपेला कस्टमच्या अधिकाऱ्यानं शंका काढली. हा खरंच स्वतः नियंत्रण करतो, की नुसता बटणांचा आणि वायरींचा फलक आहे? फलक असेल तर क्रमांक पंच्याऐंशी सदतीस. आणि तसं ठरलं तर आधी आलेल्या सगळ्या खेपांची उकराउकर. मग कंपनी आमच्या ऑफिसला रामराम ठोकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

कंपनीचं काम गेलं असतं तर माझे मालक पोतनीस मला काही फासावर देणार नव्हते. पण अमोलला कळलं असतं! अमोलला कळलं की वर्षाला, वर्षाला कळलं की इंदुरीला. आणि धोंड्याचा महिना तोंडावर आला होता हो! तीन वर्षांनी एकदा येणारा, जावयांच्या मानाचा महिना. दोन जावई, दोन पाट शेजारी शेजारी, दोघांच्या ताटात पुरणाचे धोंडे आणि अनारशांचा ढीग. त्या पाटावर मी "धाकल्या जावयाच्या कंपनीचा माल अडकवणारा मोठा जावई" म्हणून बसू?

पोतनिसांनी सरळ मार्ग सांगितला. "सतीश, व्हिडिओवर सुनावणी मिळालीये. तुझा साडू तिथंच इंजिनिअर आहे ना? त्याला बसव शेजारी. तो समजावून सांगेल."

"काही गरज नाही सर."

"अरे, त्याचं रोजचं काम आहे ते."

"माझंही रोजचंच आहे सर. मी चालू जनरेटरवर प्रत्यक्ष दाखवतो. सासऱ्यांच्या गिरणीत हेच मॉडेल आहे."

"कारखान्यात का नाही दाखवत?"

"कारखान्याच्या गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात सर. परवानगी काढत बसावी लागेल." परवानगी अमोलच्याच खात्यातून काढावी लागते, हे मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो, नाक रगडण्यापेक्षा मी गिरणीतला कोंडा खाल्ला असता.

मग घरी तयारी सुरू. नव्वद बत्तीससाठी यंत्राला तीन गोष्टी कराव्या लागतात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मोठमोठ्यानं घोकायचो. "एक, माप घेतो. प्रत्यक्षात वेग किती आहे ते मोजतो. दोन, तुलना करतो. असायला हवा तो वेग आणि आहे तो वेग. तीन, आवर घालतो. फरक दिसला की स्वतःहून दुरुस्त करतो. माप, तुलना, आवर!"

मनीषा पोळ्या लाटत ऐकायची. एकदा म्हणाली, "तिसरं काय म्हणालात?"

"आवर."

"हं," ती म्हणाली आणि पोळी उलटली. मला वाटलं, पाठ करून घेतेय बिचारी.

सुनावणीचा वार गुरुवारच आला. म्हणजे इंदुरीची लाईट गेलेली, जनरेटर चालू. सोन्याहून पिवळं! मनीषालाही अनारशांचं पीठ करायला आईकडे जायचंच होतं. ती आणि मी सकाळीच पोचलो. गिरणीत पोत्यांच्या थप्पीवर मी ऑफिसचा लॅपटॉप मांडला. त्याची बॅटरी मेलेली आहे, प्लग काढला की मान टाकतो, म्हणून तो जनरेटरच्या लाईटवर लावला. पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या मोबाईलला रेंज नाही. पण गिरणीत कॅमेऱ्यांसाठी वायफाय बसवलेलं आहे. कुणी बसवलं, हे विचारू नका.

आबांना मी दोनदा बजावलं. "आबा, सरकारी काम आहे. तुम्ही फक्त बाजूला उभे राहा. बोलायचं नाही."

"न्हाई बोलत. मी कशाला बोलू?"

हल्ली कस्टमचं काम 'फेसलेस' असतं. कागद कुठल्या गावातला अधिकारी तपासतोय, कळत नाही. पूर्वी समोरच्या साहेबाच्या कपाळावरची आठी बघून आम्ही आवाज लहान-मोठा करायचो. आता पडद्यावर नुसता एक निळा गोल आणि त्यात दोन इंग्रजी अक्षरं. त्या गोलातून एका बाईंचा आवाज आला, "हां जी, शुरू कीजिए."

आवाजाच्या मागे ट्रामची का कसली घंटा ऐकू आली. कोलकाता, मी मनात म्हटलं. म्हणजे हिंदी आणि इंग्रजीवर भागलं. मराठीत आपण आपले मोकळे!

याच मोकळेपणानं माझा घात केला.

सुरुवात झकास झाली. मी कॅमेरा डब्यावर नेला, "मॅडम, दिस इज द कंट्रोलर," म्हणालो. मॅडमनी विचारलं, "इस पर ये लाल-पीला क्या है?"

"हळदीकुंकू, मॅडम. पूजा."

"हं. आगे बोलिए."

मी माप, तुलना करत तिसऱ्यावर येणार, इतक्यात आबांनी माझ्या खांद्यावरून डोकं पुढं काढलं आणि निळ्या गोलाला हात जोडले.

"नमस्कार बाई. ह्यो डबा आमच्या धाकल्या जावयानं बसवला बरं का."

"ये कौन हैं?"

"मिल ओनर, मॅडम," मी म्हणालो आणि दात आवळून मराठीत पुटपुटलो, "आबा, गप्प बसा हो जरा!"

"का म्हून? मी खरं त्येच सांगतोय. बाईंना कळाया नको? अमोलरावांनी ह्यो डबा बसवल्यापासनं कसली कटकट न्हाई. समदं आपोआप! न्हाईतर आदी ह्यांनी एक इंजान आणलंतं." आबांनी माझ्याकडे बोट केलं. "मांडवात बलब फोडलं त्यानं. पाव्हण्यांच्या टकुऱ्यावर!"

आता तुम्हीच सांगा. भारत सरकार समोर बसलंय, तिथं मांडवातले बल्ब काढायची गरज होती? माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. किती दिवसांचं साठलेलं होतं कुणास ठाऊक. फज, वायफाय, रोजचं फूल, सगळं एकदम वर आलं.

"काय आपोआप आपोआप लावलंय आबा!" मी ओरडलो. "नुसतं खोकं आहे ते! चार वायरी आणि वर झाकण! इंजिन डिझेलवर चालतं, खोक्यावर नाही! अमोलनं काय विमान बनवलंय का? उद्या ते खोकं काढून केराच्या टोपलीत टाकलं ना, तरी कणभर फरक पडायचा नाही! कळलं?"

गिरणीत नुसतं इंजिन चालू, एकसारखं, हूं नाही का चूं नाही.

मग निळ्या गोलातून आवाज आला. स्वच्छ, खणखणीत मराठीत.

"एक मिनिट थांबा. हे नोंदवून घेते."

माझ्या पायाखालचा कोंडा सरकला!

"मॅडम... तुम्हाला मराठी..."

"माहेर वाई," त्या म्हणाल्या. "तर आयातदाराच्या प्रतिनिधींचं म्हणणं असं की सदर वस्तू म्हणजे नुसतं खोकं आहे, आत चार वायरी आहेत, आणि ती काढून टाकली तरी इंजिनावर परिणाम होत नाही. बरोबर?"

"नाही नाही मॅडम! ते मी ह्या डब्याबद्दल बोलतच नव्हतो. ते दुसरं एक खोकं आहे..."

"कुटलं दुसरं?" आबा म्हणाले. "हितं एकच हाय."

"आबा!"

"मला न्हाई बाबा खोटं बोलता यायचं. सरकारी काम हाय म्हनला न्हवं तुमी?"

मॅडम म्हणाल्या, "आजोबा, हे अमोलराव कोण?"

"धाकलं जावई माजं. आन् ह्ये थोरलं."

मग त्या म्हणाल्या, "अच्छा. साडू."

एवढंच! पण त्या एका शब्दात काय नव्हतं हो! केळी होती, फज होता, मांडवातले बल्बसुद्धा होते. फेसलेस असल्यामुळे चेहरा दिसला नाही, पण बाई हसल्या हे मला पैजेवर सांगता येईल. वाईची बाई. तिला साडू म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "काढून टाकलं तरी फरक पडत नाही म्हणालात ना? काढून दाखवा."

आता आली का पंचाईत! मी कागदावरचा माणूस. मला डब्याचा क्रमांक माहीत, त्याची वायर कुठून निघते ते माहीत नाही. मी चालू इंजिनाभोवती एक प्रदक्षिणा घातली. एका वायरीला हात लावला, तर चटका बसला.

"थांबा, थांबा!" आबा म्हणाले. "अमोलराव येत्यातच. मी मघाच फोन केलाय. म्हनलं, मोठं जावई मशिनीला हात लावणार हायत, तुमी हितं असल्यालं बरं."

आणि खरंच, शेडच्या दारात मोटारसायकल थांबली. अंगात कंपनीचा शर्ट, पायात सेफ्टी शूज, हातात — आहे का नाही कमाल — फजचा डबा! आत येऊन आधी मला वाकला. "साडूभाऊ, मला सांगायचं नाही का? हाफ डे टाकला असता सकाळीच."

अमोलनं निळ्या गोलाला नमस्कार केला आणि दोन मिनिटांत सगळं दाखवलं. हलर सुरू केला. वेगाचा काटा किंचित खाली गेला आणि लगेच जागेवर आला. हलर बंद केला. काटा किंचित वर गेला आणि पुन्हा जागेवर. "मॅडम, ह्या दोन्ही वेळेला कुणी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "आता डबा काढून दाखवतो. एरवी चालू इंजिनावर असं करू नये."

त्यानं डब्याचा जाड प्लग ओढला.

इंजिन गपकन बंद पडलं. पंखा बंद, दिवे बंद. वायफाय गेलं, लॅपटॉपनं मान टाकली, मॅडम गेल्या, भारत सरकार गेलं! अंधाऱ्या शेडमध्ये आम्ही तिघं उभे, आणि दारात पिठाच्या हातांनी मनीषा.

"कणभर फरक पडायचा नाही म्हनला व्हता न्हवं?" आबांनी विचारलं.

अमोलच्या मोबाईलवरून आम्ही परत सुनावणीत शिरलो. त्याच्या मोबाईलला शेडमध्येही रेंज होती. असणारच!

"पुरावा मिळाला," मॅडम म्हणाल्या. "डबा काढला आणि माझी सुनावणीच बंद पडली. याहून स्पष्ट काय हवं? पण एक अडचण आहे. प्रतिनिधींचं आधीचं विधान नोंदीत आहे. ते याच्या बरोब्बर उलटं आहे. तेव्हा मला स्पष्ट उत्तर द्या. ते तुम्ही तांत्रिक मत म्हणून दिलं होतं की दुसऱ्या काही कारणानं?"

बघा आता! तांत्रिक मत म्हणालो तर माल अडकला, काम गेलं. दुसरं कारण म्हणालो तर ते कारण सांगायला लागणार. समोर सासरा. शेजारी साडू, त्याचाच मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून उभा. दारात बायको. मी आबांकडे बघितलं, आबा डब्याकडे बघत होते. मनीषाकडे बघितलं, ती भुवई वर करून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"दुसऱ्या कारणानं, मॅडम," मी म्हणालो.

"कारण?"

"जरा... घरगुती होतं."

"नोंदीत 'घरगुती' असं लिहिता येत नाही."

मी उगाच खोकलो हो! कोंडा उडत होता म्हणावं तर इंजिन बंद होतं.

"जळून बोललो, मॅडम."

"कुणावर?"

"ह्याच्यावर," मी म्हणालो. आणि अमोलनं, मला दिसावं म्हणून नाही, मॅडमना दिसावं म्हणून, मोबाईलचा कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि हात जोडले!

काही दिवसांनी आदेश आला. डबा नव्वद बत्तीसच. माल सुटला, जुन्या खेपांना कुणी हात लावला नाही, कंपनीचं काम आमच्याकडेच राहिलं. पण आदेशात मध्यावर ते वाक्य आहे. त्याचा मराठीत अर्थ असा, की प्रतिनिधींनी आपलं आधीचं विधान मागे घेतलं असून ते साडूविषयीच्या वैयक्तिक असूयेपोटी केलं होतं असं स्पष्ट केलं. साडूला सरकारी इंग्रजीत 'को-ब्रदर' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आदेशाची एक प्रत आमच्या ऑफिसला आणि एक कंपनीला जाते. कंपनीत तो कागद कुणाच्या टेबलावर गेला असेल, वेगळं सांगायला नको. पोतनीस तर आता प्रत्येक सुनावणीच्या आधी विचारतात, "सतीश, ह्या मालात तुझं कुणी नातेवाईक नाही ना?"

मग आला धोंडा. दोन पाट शेजारी शेजारी. मी ठरवून गेलो होतो, मान खाली घालून जेवायचं, उठायचं. आबांनी दोघांना सारखे कपडे केले. रंगसुद्धा सारखा. वर्षानं ताटं वाढली. पुरणाचे धोंडे, वर तूप, बाजूला अनारसे. मी मान खालीच घातली होती. पण मान खाली असली तरी डोळे आडवे फिरतात, त्याला काय करणार? अमोलच्या ताटातला अनारशांचा ढीग माझ्यापेक्षा जरा उंच वाटत होता. का ताटच तिरकं होतं? मी थोडा वाकून बघितलं.

"काय बघताय जावईबापू?" आबांनी विचारलं. "काय हवं नको का?"

मी काही बोलायच्या आत मनीषा बोलली. हातात तुपाची वाटी घेऊन, अगदी शांतपणे.

"बघत न्हाईत ओ आबा, माप घेत्यात. माप झालं की तुलना करत्याल. तिसरं काय ते मातर ह्यांच्यात बसवल्यालंच न्हाई."

वर्षा हसून भिंतीला टेकली. आबांना हसता हसता ठसका लागला. आणि अमोल, हा माणूस एक दिवस मला मारणार बघा, अमोल हसलासुद्धा नाही. त्यानं आपल्या ताटातला सगळ्यात वरचा अनारसा उचलला आणि अलगद माझ्या ताटात ठेवला.

मी तो खाल्ला. खोटं कशाला बोलू? माझ्यातल्यांपेक्षा त्याचा जास्त खुसखुशीत होता.